तिसरी सही

रविवार, १९ जानेवारी २०२५

रमीज परकारला खेळायची परवानगी मिळाली, पण अर्धीच म्हणायची. फिजिओने काल सही केली, कोच जियादने आज. दुपारी जियादनेच फोन करून सांगितलं. तिसरी सही राहिली आहे. ती माझी.

सदाफ क्लबचा हा नियमच आहे. मोठ्या दुखापतीनंतर परत येणाऱ्याच्या कागदावर तीन सह्या लागतात. फिजिओ म्हणतो, शरीर तयार आहे. कोच म्हणतो, मला हा माणूस हवा आहे. तिसरा बाहेरचा हवा; खेळणारा नको, शिकवणारा नको. त्याने तीन सराव बघायचे आणि पानभर लिहून द्यायचं — मैदानात उतरवावं की नाही. मी दोन वर्षं क्लबच्या सामन्यांच्या बातम्या लिहिते, फुकट. जियाद म्हणाला, तू तशीही येऊन बसतेसच.

मुदत रविवार, ९ फेब्रुवारी. सामना शुक्रवारी, १४ तारखेला. मोसमातला शेवटचा, मग रमजान.

नीट लिहून ठेवते, पुढे गोंधळ नको. हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. चेंडू फेकणारा एकच — कमाल. एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे, आईवडील सुदानचे, वाढला इथेच, दोह्यात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी असतात. चेंडू हातात घेऊन पळणं त्यांचं काम नाही. समोरून धावून येणाऱ्याला अडवायचं, बस. त्यांतला सगळ्यात डावीकडचा रमीज. कमाल उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे फेकताना त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. त्याने वळून बघायचंही नसतं. तिथे रमीज आहे, असं धरून चालायचं असतं.

गेल्या दोन वर्षांत रमीज त्या जागी मोजून चार सामने उभा राहिला. आधी डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं. परतला, तर चौथ्या सामन्यात त्याच पायाचा घोटा गेला. वय चौतीस. वजन एकशे अठरा किलो.

जियादला हो म्हटलं. बातमीच तर आहे.


सोमवार, २० जानेवारी

पेपरच्या डेस्कवर अकरा तास. एजन्सीच्या चौतीस बातम्या तपासून सोडल्या. घरी वरणभात. एसी बंद असतो सध्या, त्यामुळे फ्रिज चालू-बंद होतो तेही ऐकू येतं.


बुधवार, २२ जानेवारी

पहिला सराव. शाळेचं मैदान, संध्याकाळी सहा. वारा सुटला होता, शाल नेली नव्हती याचा पश्चात्ताप झाला.

रमीज चांगला दिसला. खरंच चांगला. पहिलं पाऊल मागे, पाठ सरळ, हात छातीसमोर. समोरचा पोरगा तीनदा आदळला, तीनदा थांबला. चौथ्या वेळी रमीजने त्याला बसवलं आणि हात देऊन उठवलंही. जियाद शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. बघतेस ना, अशा अर्थाने.

मी वहीत लिहिलं — ‘सरळ रेषेत: ताकद पूर्ण.’

सराव संपल्यावर रमीज हेल्मेट काखेत धरून आला. "काय ताई, पास का नापास?"

म्हटलं, अजून दोन पेपर राहिलेत.

"तुमी आमच्या तालुक्याचं नाव घालवू नका म्हणजे झालं," म्हणाला, आणि पाणी प्यायला गेला.

याची-माझी ओळख कशी झाली तेही लिहून टाकते. मी बावीस वर्षं कबड्डी लिहिली, त्यातली नऊ रत्नागिरी आवृत्तीत. हा हर्णैचा, जिल्ह्याच्या संघाचा डावा कोपरा. मी इथे आले त्या वर्षी तेजश्री — डेस्कवर माझ्या शेजारी बसते, सत्तावीस वर्षांची — मला महाराष्ट्र मंडळाच्या खेळांना घेऊन गेली. तिथे हा समोर येऊन उभा राहिला. "भैरवीताई ना? तुमी माझं नाव पेपरात छापलेलं. पारकर म्हणून. मी परकार." बारा वर्षांपूर्वीची एक ओळ! मी माफी मागितली. म्हणाला, माफी नको, शुक्रवारी जेवायला या. तेव्हापासून शुक्रवार त्यांच्याकडे.


शुक्रवार, २४ जानेवारी

वक्राला, रमीजच्या घरी जेवले. त्याच्या बायकोने, अनीसाने, सुरमईचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या, वर सांदणं. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. तिला सांगितलं, आठवडाभर मी ज्याला जेवण म्हणते ते जेवण नसतं. ती म्हणाली, माहितीये, म्हणून तर डबा भरून ठेवलाय.

त्यांची मुलगी हनिया सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. रमीजने तिला सांगितलेलं दिसतंय. माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "आंटी, आर यू द जज?"

मी म्हटलं, नाही गं, मी फक्त बघून लिहिणार.

"सेम थिंग," ती म्हणाली, आणि टीव्ही लावला. रमीज इतका हसला की खोकला आला.

भांडी आवरताना अनीसा हळू आवाजात बोलत होती. दोन वर्षं घरात कोणीतरी बंद खोलीत राहावं तसं होतं म्हणे. गोदामात कामाला जायचा, यायचा, पाय उशीवर ठेवून भिंतीकडे बघायचा. आता नोव्हेंबरपासून बोलतो, चिडवतो, हनियाला खांद्यावर घेतो. आणि नमाज! दोन वर्षं खुर्चीवर बसून पढायचा म्हाताऱ्यांसारखा, आता जमिनीवर पढतो. "डॉक्टरांचं मशीन मला कळत नाही, ताई. मला ते कळतं."

मग म्हणाली, "तुम्ही चांगलंच लिहाल."

प्रश्न नव्हता तो. मी ताट पुसून ठेवलं.


रविवार, २६ जानेवारी

आज दिवसभरात मराठीतून एकही वाक्य बोलले नाही. ते आत्ता लक्षात आलं.


बुधवार, २९ जानेवारी

दुसरा सराव. आज वेगळा खेळ होता. समोरची पोरं मधूनमधून सरळ येण्याऐवजी बाहेरून वळसा घालून येत होती, डावीकडून. अशा वेळी रमीजने डाव्या पायावर भार टाकून आडवं सरकायचं असतं.

दोनदा त्याने समोरच्याचा शर्ट धरला. खांद्याखाली, बाहेरून, मूठ आवळून. या खेळात हा फाऊल. होल्डिंग म्हणतात. पंच पिवळं फडकं टाकतो आणि संघाला दहा यार्ड मागे जावं लागतं. सरावात पंच नसतो. सगळे हसले. कमाल ओरडला, "कबड्डी! कबड्डी!" पहिल्या मोसमात रमीजला सामन्यात तीन-तीन फडकी पडायची, तेव्हापासूनची ही थट्टा. कोपरारक्षकाचा हात तो, आयुष्यभर धरायलाच शिकलेला. जियादने वर्षभर त्याच्या दोन्ही मुठींत टेनिसचे बॉल देऊन सराव घेतला, तेव्हा कुठे सवय मोडली होती.

मीही हसले. वहीत लिहिलं — ‘जुनी सवय. दोनदा.’

घरी येऊन फोनवर काढलेलं चित्रण पाहिलं. एकदा बघून ठेवून दिलं. चहा केला. परत पाहिलं, थांबवत थांबवत.

सवय असती तर सरळ येणाऱ्यालाही धरलं असतं त्याने. सरळ येणारे चौदा. एकदाही नाही. बाहेरून येणाऱ्यालाच धरलं. आणि दोन्ही वेळा हात आधी गेला, पाय नंतर. डावा पाय टेकायच्या आधीच मूठ बंद झालेली होती.

हे मी कबड्डीत शंभरदा पाहिलं आहे. चांगला कोपरा वाट बघतो, चढाई करणारा अंगावर येईपर्यंत जागा सोडत नाही, आणि मग पायाच्या जोरावर घुसतो. पायावरचा विश्वास गेला की तो घाई करतो. हात लांबवून आधीच धरायला जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय चपळ झालाय. मला स्वतःलाही वाटायचं. ‘दमदार पुनरागमन’ हे दोन शब्द मी किती मथळ्यांत वापरली असतील, देव जाणे.

फिजिओने खोटं लिहिलेलं नाही. त्याच्या चाचण्यांत पळणं आहे, मशीनवर वजन ढकलणं आहे, सरळ उड्या आहेत. रमीजने त्या चाचण्यांची तयारी केली आणि पास झाला. अभ्यासाला नेमलेलं पुस्तक त्याने पाठ केलं, एवढंच.

दोनच वेळा. दोन म्हणजे पुरावा नव्हे. तिसरा सराव आहे अजून.


शुक्रवार, ३१ जानेवारी

मेट्रो लवकर मिळाली. वक्राला उतरून चालत निघाले तेव्हा जुम्म्याची नमाज सुरू होत होती. त्यांच्या इमारतीच्या अलीकडे मशीद आहे, शुक्रवारी आत मावत नाहीत, अंगणातही रांगा लागतात. मी रस्त्याच्या पलीकडे थांबले. मधून जाणं बरं दिसत नाही.

शेवटच्या रांगेच्या कडेला पाचसहा प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. चार म्हातारे, एक प्लास्टरवाला मुलगा, आणि रमीज.

पांढऱ्या कुर्त्यात, खुर्ची लहान पडत होती त्याला. सगळे गुडघ्यावर गेले तेव्हा तो खुर्चीतच वाकला. डावा पाय पुढे सरळ ठेवलेला.

मी मागे फिरले आणि बेकरीच्या आडोशाला वीस मिनिटं उभी राहिले. मग इमारतीत गेले. तो माझ्याआधी पोचला होता. चटईवर बसून हनियाबरोबर लुडो खेळत होता — पाय दुमडून. कसा दुमडला असेल!

जेवताना मी काय बोलले आठवत नाही. अनीसा म्हणाली, ताई आज दमल्यात. डबा दिला. घेतला.


शनिवार, १ फेब्रुवारी

ठरवलं. नमाजातलं मी लिहिणार नाही. ते माझ्या बघण्याचं नव्हतं, चुकून दिसलं. मैदानात जे दिसेल तेवढ्यावरच लिहायचं.

डब्यातलं कालवण आजही पुरलं.


बुधवार, ५ फेब्रुवारी

तिसरा सराव. आज वहीत दोन उभे रकाने केले आणि फक्त खुणा केल्या. चाळीस वेळा खेळ झाला. सरळ आले एकोणतीस — सगळे अडवले, स्वच्छ. बाहेरून आले अकरा. त्यांतल्या सात जणांना धरलं. बाकी चारांतला एक निसटला आणि थेट कमालच्या पाठीशी जाऊन थांबला. सराव होता म्हणून थांबला. कमालला कळलंही नाही. तो चेंडू कुठे पडला ते बघत होता.

जियाद माझ्या शेजारी उभा होता. त्याला विचारलं, हे दिसलं का? तो म्हणाला, मला आठवडाभरावरचा सामना दिसतो, दुसरं काही दिसत नाही, म्हणून तर तिसऱ्या सहीचा नियम.

रमीज मला नेहमीसारखा गाडीतून सोडायला निघाला. नजमापर्यंत, माझ्या इमारतीपर्यंत, पंचवीस मिनिटं. निम्म्या रस्त्यात मी बोलले.

"डावा पाय टेकत नाहीयेस तू."

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला, तेव्हा गाडी हलली.

"किती मोजलेत?"

"अकरातले सात."

"मी आठ मोजले," तो म्हणाला.

मग बराच वेळ तोच बोलत होता. सूज सरावानंतर येते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरते. बर्फ गोदामातल्या फ्रीजरमध्ये ठेवतो, घरी नाही. आडवं सरकलं की गुडघ्यात काहीतरी जागा सोडतं, दुखत नाही, फक्त जागा सोडतं. अनीसाला माहीत नाही. फिजिओने जे विचारलं त्याची उत्तरं खरी दिली, जे विचारलं नाही ते सांगितलं नाही. एक सामना हवाय. पुढच्या मोसमात पस्तीस पूर्ण, मग कोण विचारतं.

मी विचारलं, आणि कमाल?

"धरीन ना मी. फडकं पडेल, दहा यार्ड मागे जाऊ. त्याला लागू देणार नाय."

"आज एक सुटला."

माझ्या इमारतीखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं नाही.

"हनिया सामना बघायला आली होती, घोटा गेला त्या दिवशी. तिने मला शेवटचं मैदानावर बघितलं ते स्ट्रेचरवर. चौघांनी उचललेलं, पाचव्याने बूट धरलेला. ताई, मला एकदा चालत बाहेर यायचंय. तिच्यासमोर. बाकी काय नको."

मी उतरले. तो थांबला, मी लिफ्टपाशी जाईपर्यंत. नेहमी थांबतो.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

मसुदा पहिला. वाचून बघितला — उत्तम! ‘सरळ रेषेतील बचावात पूर्वीची ताकद परतली आहे. तीन सरावांत एकूण शंभरावर प्रसंगांपैकी बहुसंख्य प्रसंगी बचाव निर्दोष. जुन्या सवयीतून होणाऱ्या काही फाऊलकडे लक्ष द्यावे लागेल.’ प्रत्येक वाक्य खरं. कोणी बोट ठेवू शकणार नाही. बावीस वर्षांत हे कसब चांगलं कमावलं आहे मी.

पुसला नाही. बाजूला ठेवला.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वक्राला गेले नाही. अनीसाला कळवलं, ऑफिसचं काम आहे. पहिल्यांदाच खोटं बोलले तिच्याशी. तिने लिहिलं, ‘डबा पाठवू का कोणाबरोबर?’

दिवसभर नजमाच्या खोलीत. दुपारी खाली जाऊन पराठा आणला, अर्धा टाकला. लोक येतात-जातात, लिफ्टचं दार वाजतं. मी मनात हिशेब करून बघितला, या शहरात माझं पहिलं नाव किती जणांना माहीत आहे. ताई म्हणणारी दोनच माणसं. माझा करार जूनपर्यंतचा. नवा मिळेलही. मग आणखी एक वर्ष, बावन्न शुक्रवार.

हे सगळं त्या कागदात येता कामा नये. आणि ते येतंय. पहिल्या मसुद्यातल्या ओळीओळीत तेच आहे, सुरमईच्या कालवणाचा वास आहे त्याला.


शनिवार, ८ फेब्रुवारी

मसुदा दुसरा. लहान झाला. इथे मराठीत उतरवून ठेवते:

‘तीन सराव पाहिले. सरळ येणाऱ्या खेळाडूला रमीज परकार आज क्लबमधल्या कोणाहूनही चांगला अडवतो. बाहेरून येणाऱ्याला अडवताना त्याचा डावा पाय भार घेत नाही. पायाचं काम तो हाताने करतो, म्हणून धरतो. तिसऱ्या सरावात अकरापैकी सात वेळा धरलं, एकदा खेळाडू निसटून फेकणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोचला. ही जुनी सवय नाही. गुडघ्याची पुन्हा तपासणी व्हावी, आडव्या हालचालीसह. तोपर्यंत सामन्यात उतरवू नये.’

सात ओळीही नाहीत. दिवस गेला.


रविवार, ९ फेब्रुवारी

ज्याच्याविषयी वाईट छापायचं त्याला ते आधी आपल्या तोंडून कळलं पाहिजे. हा नियम मी कधी मोडलेला नाही, आमदारासाठीही नाही. दुपारी रमीजला फोन केला. गोदामाचा आवाज येत होता मागे, फोर्कलिफ्टचा. म्हटलं, वाचून दाखवते. इंग्रजीत लिहिलंय, मराठीत सांगत जाते. त्याने बाजूला जाऊन ऐकलं.

संपल्यावर म्हणाला, "नमाजाचं नाय लिहिलंत."

त्याने मला पाहिलं होतं! रस्त्याच्या पलीकडे. आणि त्यानंतर लुडो खेळत बसला, माझ्यासमोर पाय दुमडून.

मी म्हटलं, ते माझं नाही लिहायचं.

"आडनाव बरोबर टाका," म्हणाला, आणि फोन ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी सही करून पाठवला. मुदतीच्या आत.


सोमवार, १० फेब्रुवारी

जियादचं उत्तर दोन ओळींचं. मिळालं. रमीज खेळणार नाही.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

अनीसाचा निरोप: ‘ताई, या शुक्रवारी आम्ही घरी नसू.’

ताई लिहिलंय अजून.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सामना. सदाफ १४, समोरचे २०.

रमीजच्या जागी एक फिलिपिनो नर्स उभा राहिला, गेल्या वर्षीच खेळायला लागलेला. जीव तोडून खेळला. तरी डावीकडून दोनदा माणूस निसटला आणि कमाल दोनदा पाठीवर आपटला. पहिल्या वेळी लगेच उठला. दुसऱ्या वेळी नाही. मी उभी राहिले होते. वहीतलं पान माझ्या हातात चुरगळलं. वीसेक सेकंदांनी त्याने हात वर केला, हेल्मेट काढलं, रेतीसारखं काहीतरी थुंकला आणि परत जागेवर गेला.

रमीज असता तर पहिला नक्की अडवला असता, तो सरळ आला होता. दुसरा बाहेरून आला होता. काय सांगणार?

रमीज मैदानाच्या कडेला होता, क्लबचं जाकीट घालून. सामनाभर त्या नर्सला ओरडून सांगत होता — "फीट! फीट! हात नको, पाय आधी!" मराठी, इंग्रजी, सगळं मिसळून. हनिया आली नव्हती. अनीसाही नाही.

माझ्यापासून तो दहा पावलांवर होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. एकदा पाण्याच्या पेटीपाशी समोरासमोर आलो, तेव्हा त्याने बाजूला होऊन मला वाट दिली. जशी कोणाही बाईला देतात.

संघातली पोरं मला हाय-बाय करतात, आज कोणी केलं नाही. बातमी लिहिली, साडेतीनशे शब्द. कर्णधार, धावसंख्या वगैरे. पाठवली. टॅक्सीने परतले. ड्रायव्हर नेपाळचा होता, त्याने विचारलं, जिंकलात का. म्हटलं, नाही. म्हणाला, कोई बात नहीं.


शनिवार, १५ फेब्रुवारी

धावसंख्या लिहिलंय वर. हा क्रिकेट नव्हे. गुणसंख्या. बातमीत बरोबर गेलंय, तपासलं.


रविवार, १६ फेब्रुवारी

काही नाही.


सोमवार, १७ फेब्रुवारी

जियादचा फोन, दुपारी. रमीजने शनिवारी स्वतःहून गुडघा तपासून घेतला. आधी जोडलेला लिगामेंट निम्मा सुटला आहे. डॉक्टर म्हणाले, एका आडव्या धक्क्याचा अवकाश होता. ऑपरेशन रविवारी, २३ तारखेला, सकाळी साडेसातला. अनीसाला सगळं सांगितलं त्याने.

मी म्हटलं, बरं झालं.

फोन ठेवण्याआधी जियादने आणखी एक सांगितलं. त्याला वाटलं मला माहीत असेल. तिसऱ्या सहीसाठी माझं नाव त्याने काढलेलं नव्हतं. डिसेंबरात रमीजनेच सुचवलं होतं. जियाद त्याला म्हणाला होता, ती बाई दर शुक्रवारी तुझ्या घरी जेवते, ती कसली बाहेरची? दुसरं कोणीतरी बघू.

"तर तो म्हणाला, तीच पाहिजे. ‘खेळत नाही’ असं माझ्याच्याने म्हणवणार नाही. ती जेवेल आणि तरी लिहील."

शुक्रवारी अकराची मेट्रो धरणार आहे. बोलावणं आलेलं नाही.